टाकीला आंघोळ

आमच्या घरी सिलेंडरला टाकी म्हणायचे. काळी टाकी म्हणजे ऑक्सिजन, लाल टाकी म्हणजे डीए, वेल्डिंगचा जळणारा गॅस, आणि आईच्या स्वयंपाकघरात असायचा तो नुसता गॅस, म्हणजे गॅस आला, गॅस संपला, असं. टाकी हा मान त्याला कधी मिळाला नाही. आण्णांचं वेल्डिंगचं दुकान होतं, बायपासच्या कडेला, पत्र्याचं. लातूर जिल्ह्यात तालुक्याची गावं असतात तसंच आमचं गाव, आणि मृगाच्या आधी महिनाभर दुकानासमोर नांगर, वखर, तिफणी, ट्रॉल्या यांची अशी रांग लागायची की आण्णा जेवायला घरी यायचेच नाहीत, मग मी डबा घेऊन जायचो आणि तिथंच रेंगाळायचो.

एकदा, असेन पाचवी-सहावीत, हातात भजी घेऊन गेलो आणि त्याच तेलकट बोटांनी काळ्या टाकीच्या रेग्युलेटरला हात लावायला गेलो. आण्णांनी असली थोबाडीत दिली की भजी पार रस्त्यावर गेली. ते मारत नसत कधी. नंतर स्वतःच नवीन भजी आणून दिली आणि म्हणले, तेलाचा हात काळ्या टाकीला लावायचा नसतो, बस्स, एवढंच. का ते सांगितलं नाही, त्यांना तरी कुठं कुणी सांगितलं होतं. ते मला मुंबईत कालिन्याला, फायरच्या कोर्सला कळलं, पंधरा वर्षांनी: त्या टाकीत साधारण १५० बार दाब असतो, आणि इतक्या दाबाचा ऑक्सिजन तेला-ग्रीसवर आदळला की काडी ओढायची गरजच राहत नाही, ते आपोआप पेटतं.

आण्णांचे असे बरेच नियम होते. लाल टाकीचे आटे उलटे असतात, डावीकडं आवळायचे, म्हणजे घाईगडबडीत एकीचा पाईप दुसरीला बसू नये. लाल टाकीला आडवं पाडायचं नाही, "ओकते ती." लाल म्हणजे खरंतर मरून, वाळून काळपट पडलेल्या मिरचीचा रंग. आणि डीए म्हणजे डिझॉल्व्ड ॲसिटिलीन, विरघळवलेला. कशात विरघळवलेला? तर ॲसिटोनमध्ये. त्या टाकीच्या आत पोकळी नसतेच, स्पंजासारखा पण कडक असा सच्छिद्र दगड भरलेला असतो, तो ॲसिटोन पितो आणि ॲसिटोन गॅस पितो. टाकी आडवी करून वापरली की गॅसबरोबर ॲसिटोनपण बाहेर येतं. म्हणजे ओकतेच की ती! आण्णा सातवी पास.

त्याच्याही आधीच्या काळात म्हणे दुकानात कार्बाइडचा ड्रम होता, त्यात पाणी सोडलं की गॅस तयार व्हायचा. आण्णांच्या जुन्या कपड्यांना तो लसणासारखा वास अजून आहे असं आई म्हणते. आंबे पिकवायलापण लोक त्यातलेच खडे मागून न्यायचे, ती एक वेगळीच भानगड.

तर अशा घरातला मी, वेल्डर न होता नगरपरिषदेत फायरमन झालो. कालिन्याच्या अकादमीत सहा महिने कोर्स, घाम, ड्रिल, शिडी, होज, आणि मग गावाकडं परत. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे आग विझवणं. मलापण तेच वाटायचं. तिथं पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी फळ्यावर सिलेंडर काढला, त्याच्या तोंडाला ज्वाला काढली आणि विचारलं, काय करणार? सगळा वर्ग ओरडला, विझवणार! ते म्हणले, घ्या, मेलात सगळे.

कारण जळणारा गॅस दिसतो तरी. विझवला आणि गळती चालूच राहिली तर तोच गॅस न दिसता पसरतो. घरगुती एलपीजी हवेपेक्षा जड, जवळपास दीडपट-दुप्पट. तो वर जात नाही, पाण्यासारखा उताराला लागतो, मोरीत उतरतो, उंबऱ्यावरून खाली अंगणात जातो. टाकीतला एक लिटर द्रव बाहेर आला की अडीचशे लिटर गॅस होतो. आणि हवेत नुसता दोन टक्के मिसळला तरी ठिणगीची वाट बघत बसतो, मग ती फ्रिजच्या चालू-बंदची असो नाहीतर "वास कशाचा येतोय बघू" म्हणून दाबलेल्या बटनाची. म्हणून, वॉल्व्ह बंद करता येणार असेल तरच विझवायचं, नाहीतर जळू द्यायचं आणि आजूबाजूचं थंड ठेवायचं. बघणाऱ्याला हे बावळटपणाचं वाटतं. एका घरी तर मालक माझ्या अंगावर धावून आला होता, माझं घर जळतंय आणि तुम्ही भिंतीला पाणी मारायलाव.

जड हवा खाली बसते हे मात्र आमच्याकडं जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. वाड्यांमधून ज्वारीची पेवं असायची. माझी आजी सांगायची, पेव उघडलं की लगेच माणूस उतरवायचा नाही, आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, कंदील विझला तर खाली हवा खराब. धान्य श्वास घेतं आणि खाली कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानं कितीतरी माणसं पेवात गेली. पण आजीचाच कंदील एलपीजीच्या वासाच्या खोलीत नेला तर... असो. एका गावात एक आजोबा खरंच निघाले होते कंदील घेऊन, बॅटरी नको म्हणत होते, बॅटरीनं करंट लागतो म्हणून.

आणि ब्लेव्ही. हा शब्द आम्ही पोरं कोर्समध्ये शिवीसारखा वापरायचो, मेसमधला कुकर ब्लेव्ही होणार आता वगैरे. टाकीला बाहेरून आग लागलीये, आतला द्रव उकळतोय, दाब वाढतोय, आणि शेवटी पत्रा फाटतो नि सगळा द्रव एका क्षणात गॅस होऊन पेटतो. यातली मेख अशी की भगुण्यात पाणी असलं तोवर बूड करपत नाही, पाणी आटलं की करपतं. टाकीचंपण तसंच, द्रव लागलेला खालचा भाग थंड राहतो, वरचा रिकामा भाग, जिथं नुसती वाफ, तिथं ज्वाला लागली की लोखंड मऊ पडतं. म्हणून पाणी वरच्या अंगाला मारायचं. आणि गॅस सुटायचा आवाज बारीक बारीक, चिरका होत चालला की होज तिथंच टाकून पळायचं. यात शौर्य वगैरे काही नाही. १९७३ साली अमेरिकेत किंगमन नावाच्या गावात रेल्वेची प्रोपेनची वाघीण अशीच फुटली, ११ फायरमन गेले, एकाच गावचे. उस्ताद तो आकडा सांगून थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग खडूचे हात झटकायचे.

आमचा दिवस १४ एप्रिल. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, त्यांच्या नावानं अग्निशमन सेवा दिन. आता मराठवाड्यात १४ एप्रिल म्हणजे भीमजयंती, म्हणजे सकाळी स्टेशनवर मानवंदना, दोन मिनिटं शांतता, आणि दुपारपासून रात्री उशिरापर्यंत मिरवणुकीत बंब उभा. मला आवडतो तो दिवस, निळ्या गुलालानं बंबसुद्धा निळा होतो. पण माझं लक्ष सगळं फुगेवाल्यावर. कुठल्याही जत्रेत बघा, माळेगावच्या यात्रेत, येरमाळ्याला, तो स्वतःच बनवलेली टाकी घेऊन येतो, त्यात कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचा भंगार, वरून पाणी, झाला हायड्रोजन तयार. गेज नाही, सेफ्टी वॉल्व्ह नाही, वेल्डिंग कुणी केलं माहीत नाही, टाकी आतून तापत राहते आणि भोवती सगळी लेकरं. हायड्रोजनची ज्वाला उन्हात डोळ्याला दिसतसुद्धा नाही नीट. दर वर्षी त्याला मी हुसकावतो, तो पुढच्या चौकात जातो, मी परत हुसकावतो. आमच्या दोघांची एव्हाना ओळख झालीये.

हे सगळं मला सांगायचं नव्हतं खरंतर. मला सांगायचंय २०१६ च्या मे महिन्याचं.

ते साल मराठवाड्यातल्या कुणालाच सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी मार्चमध्येच शहरात १४४ कलम लावलं होतं. आमच्या गावात नळ कधी आला होता तेच लोक विसरले होते, सगळं टँकरवर. आमचा बंब भरायलासुद्धा टँकरच्या रांगेत लागावं लागायचं.

दुपारी तीनला कॉल आला, बायपासला वेल्डिंगच्या दुकानाला आग. माझ्या पोटात गोळा आला, पण आण्णांनी दुकान बंद करून चार वर्षं झाली होती. हे दुकान त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोराचं, आमच्या जुन्या दुकानाच्या दोनच घरं पलीकडं. कटिंग करताना ठिणगी जुन्या पोत्यांवर, पोत्यांवरून ऑइलच्या डब्यांवर, मग ट्रॉलीचे टायर. पोरगं बाहेर पळालं होतं, हाताला भाजलेलं. आम्ही पोचलो तेव्हा पत्र्यावरून काळा धूर, आणि त्या पोरानं सगळ्यात आधी जे सांगितलं ते ऐकून मला बरं वाटलं, शहाण्या माणसाच्या हाताखाली शिकलेलं दिसत होतं. म्हणलं, दादा, आत काळी एक आणि लाल एक, लालचा वॉल्व्ह बंद करायचा राहिला.

आग वीस मिनिटांत आटोपली. टायर तेवढे धुमसत राहिले. पाठीवर धुरात श्वास घ्यायचा बीए सेट, म्हणजे तोही एक सिलेंडरच, ३०० बारपर्यंत दाबून भरलेली हवा, वाकून आत बघितलं तर काळी टाकी भिंतीला साखळीनं बांधलेली, उभी, एका अंगानं रंग उडालेला. आणि लाल टाकी आडवी, जळालेल्या पोत्यांत, मधल्या भागाचा रंग पार गेलेला, फोड आलेले. पाईप जळून गेला होता पण तोंडाला ज्वाला नव्हती, आवाज नव्हता. एकदम शांत पडलेली.

मामांनी, म्हणजे आमच्या लीडिंग फायरमननी, मला कॉलरला धरून मागं ओढलं.

काळी टाकी थंड केली की थंड होते, विषय संपला, आत नुसता दाब असतो. ॲसिटिलीनचं तसं नाही. तो तापला की स्वतःच फुटायला लागतो, कार्बन वेगळा, हायड्रोजन वेगळा, त्यातनं अजून उष्णता, त्यातनं अजून फुटणं, आणि या सगळ्याला बाहेरची हवा लागतच नाही. म्हणजे बाहेर आग विझलेली, पोलीस गाडीतून उतरून फोटो काढायलेत, आणि टाकीच्या पोटात चाललेलं असतं. तिला हलवायचं नाही, वॉल्व्हला हात लावायचा नाही, दोनशे मीटरपर्यंत माणूस ठेवायचा नाही, आणि भिंतीच्या आडोशानं तिच्यावर पाणी सोडत राहायचं. किती वेळ? जुने लोक म्हणायचे चोवीस तास. आता निदान तासभर पाणी, मग पाणी थांबवून बघायचं, आणि परत तापत नाही ना यासाठी अजून तासभर नजर.

मिनिटाला दोनशे लिटर धरलं तरी तासाचं बारा हजार लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर आठशे हंडे. हा हिशोब मी तेव्हा नव्हता केला, तो माझ्यासाठी एका बाईनं केला.

बंब संपला. तहसीलमधून फोन झाला आणि शेजारच्या वस्तीला निघालेला पाण्याचा टँकर आमच्याकडं वळवला. त्या टँकरच्या मागं मागं बाया चालत आल्या, हंडे घेऊन, सकाळपासून रांगेत बसलेल्या. आणि त्यांनी काय बघितलं, तर आग नाही, धूर नाही, आणि तीन-चार माणसं एका भिंतीच्या आड बसून एका लोखंडाच्या नळकांड्यावर त्यांचं पाणी ओतायलेत.

"अगा भाऊ, विझली की आग! आता काय टाकीला आंघोळ घालायलास का?"

सगळे हसले. मीपण हसलो असतो. ती बाई हसत नव्हती. म्हणली, माझ्या घरी बाळंतीण हाय, दोन हंडे दे आणि मग घाल तुझ्या टाकीला शिककाई लावून. मामांनी हात जोडले, मावशी मागं सरा, मावशी स्फोट होईल. ती म्हणली, कशाचा स्फोट, थंडगार पडलीये ती.

मला आजही तिला द्यायला उत्तर सुचत नाही. म्हणजे मुद्दा माहीत आहे, पण दोन हंड्यांसमोर तो मांडायचा कसा ते कळत नाही.

आणि या गोंधळात आण्णा आले. कुणीतरी सांगितलं असणार. बनियनवरच, पायात चप्पल नाही, दोरीखालून वाकून सरळ दुकानाकडं. त्यांना काय करायचं होतं मला लगेच कळलं, तळहात लावून बघायचा होता टाकीला. आयुष्यभर तेच केलं त्यांनी, टाकी किती भरलीये, तापलीये का, गार पडलीये का, सगळं तळहातानं. मी भिंतीआडून उठलो आणि ओरडलो, "ओ काका! मागं व्हा! व्हा मागं!"

काका म्हणलो मी. हेल्मेट, व्हायझर, त्यामागून आवाज कसा आला असेल कोण जाणे. स्वतःच्या बापाला मी रस्त्यावरच्या गर्दीतला कोणीतरी काका असल्यासारखं हुसकावलं, फुगेवाल्याला हुसकावतो तसं. ते थांबले. माझ्याकडं बघितलं, मग टाकीकडं, ती आडवी पडलेली बघितली असणार, चेहरा बदलला त्यांचा, आणि आले तसे वाकून दोरीबाहेर गेले. तिथून मग त्यांनी जे काम केलं ते आमच्या पोलिसांनापण जमलं नव्हतं, बायांना, पोरांना, टपरीवाल्यांना नावानं हाका मारून मारून पार पेट्रोल पंपाच्या पलीकडं नेलं. त्या बाईलापण. काय सांगितलं तिला, विचारलं नाही मी.

सव्वा तासानं मामांनी पाणी बंद करायला लावलं. आता बघायचं असतं ते एवढंच: पाणी थांबल्यावर टाकीचा ओला पत्रा ओला राहतोय की भरभर सुकतोय. वाफ निघाली, मधूनच कोरडा पट्टा उमटला, की आत अजून गरमी आहे, परत पाणी. दुर्बिणीतनं बघत होतो आम्ही आळीपाळीनं. जिथं रंगाला फोड आले होते तिथून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि हाताएवढा पट्टा डोळ्यांदेखत पांढुरका पडला. मामा म्हणले, सोड परत. उरलेला टँकर सोडला.

पेरणीच्या आधी आण्णांचे वडील, माझे आजोबा, रानात टाचेनं ढेकूळ उकरून बघायचे, ओल किती खाली आहे, टिकेल का. मी तसाच बसलो होतो, दुर्बीण लावून, एका टाकीची ओल टिकते का बघत, आणि मागं दोनशे मीटरवर रिकामे हंडे.

संध्याकाळी साडेसहाला ओल टिकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. पत्रा काळपट ओला तो ओलाच. अजून तासभर कुणी जवळ गेलं नाही. गॅस कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि घेऊन गेला तिला. काही झालं नाही. म्हणजे गावाच्या लेखी काहीच झालं नाही, एका दुकानाला आग लागली आणि फायरवाल्यांनी एक टँकर वाया घालवला, आठवडाभर चहाच्या टपरीवर हेच.

बाया हंडे घेऊन रिकाम्याच परत गेल्या, ते मी बघितलं. टँकर दोन दिवसांनी आला म्हणे त्या वस्तीला.

रात्री दहाला घरी आलो तर अंगावर टायरची काजळी, नाकात, कानात, पापण्यांवर. आईनं न्हाणीत अर्धी बादली ठेवली होती, त्यात तांब्या बुडत नव्हता नीट, आडवा करून भरावा लागत होता. आण्णा ओट्यावर बसलेले, अंधारात, विडी नाही काही नाही. मी दोन तांबे डोक्यावर घेतले आणि पाणी काळं होऊन मोरीत जाताना बघत होतो तोवर बाहेरून आवाज आला.

"ओल टिकली का?"

"टिकली. दुसऱ्या टायमाला."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणले, "पुन्हा काका म्हणलास तर बघ." आणि आईला हाक मारून सांगितलं, त्याला अजून एक तांब्या दे, माझ्या प्यायच्यातला.